हापशाची पत्रं

माझी नात शहरात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली होती, तेव्हा मोबाईलवर काहीतरी वाचत बसली होती. मध्येच म्हणाली, "आजी, ऐक ना. अडीचशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडात एक माणूस होता. यंत्रं शोधून काढायचा. त्याची आणि त्याच्या घरच्या माणसांची पत्रं तिकडं अजून जपून ठेवलीत. लोक लांबून लांबून येतात ती वाचायला."

मी शेंगा फोडत होते. म्हटलं, "त्यात काय एवढं? आपल्याकडं पण हायेत."

ती फिदीफिदी हसली. तिला वाटलं, म्हातारी फेकतीय. मग मात्र माझं डोकं फिरलं. उठले, आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी ओढत आणली आणि तिच्यापुढं आदळली. घे म्हटलं, वाच. एका गठ्ठ्यात माझ्या सासऱ्यांनी कारखान्यावरून घरी लिहिलेली पत्रं, दुसऱ्या गठ्ठ्यात घरून त्यांना गेलेली. पोरगी दुपारभर उठली नाही. दिवे लागायच्या सुमाराला माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आजी, हे हापशाबद्दल जे लिहिलंय ना, खाली सही पणजीची आहे. पण अक्षर तर तुझं आहे!"

माझंच होतं. त्या अक्षरापायी मला घरात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती, आणि त्याच अक्षराचा मला अजून गर्व आहे. तिला सांगितलं तेच इथं सांगते.

माझे सासरे सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. त्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. आमचं गाव तलवाड्याच्या अंगाला. कारखाना लांब, एसटीनं अर्धा दिवस जायचा. त्यामुळं मामा महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घरी यायचे, बाकी सगळा कारभार पत्रावर. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण यंत्राला नुसता हात लावला तरी कुठं दुखतंय ते ओळखायचे. कारखान्यातले साहेब लोक वरवर काही म्हणत, पण टर्बाइन अडलं की आधी त्यांनाच हाक मारत.

लग्न होऊन मी त्या घरात आले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत मी मामांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं काही. रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. मामा ओसरीवर आले की मी पदर पुढं ओढून आत. पाणी द्यायचं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि बांगड्या वाजवायच्या. ते बरोबर ओळखायचे आणि तांब्या उचलायचे.

पण आत्याबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. माझ्या मालकांचं अक्षर असं, की दुसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. मी पडले धारूरची, सातवी पास. आमच्या वडिलांचं धारूरच्या बाजारात सायकलीचं दुकान, त्यामुळं नट, पिन, वायसर ही नावं मला पाळण्यापासून ठाऊक. मग लिहायचं काम आलं माझ्याकडं. आलेलं पत्र वाचून दाखवायचं तेही मीच. म्हणजे बघा, ज्या माणसासमोर चकार शब्द काढायची सोय नाही, त्यालाच दर आठवड्याला मी पान भरून लिहीत होते. फक्त खाली नाव आत्याबाईंचं.

त्या साली लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले. माझे मालक आणि गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर, नालाबांधावर. ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचं गाळपही लवकर आटोपलं होतं. गावात पाणी एकाच जागी. शाळेपाशी सरकारी बोअर होती आणि तिच्यावर हापसा, म्हणजे हातपंप. हा हापसा पंधरा दिवस चालायचा आणि महिनाभर मोडून पडायचा. तालुक्यावरून दुरुस्तीची गाडी येईपर्यंत आम्ही बाया दीड कोसावरच्या मळ्यात जायचो, डोक्यावर दोन आणि काखेत एक घागर घेऊन. पायाखाली पाणी असून आपण उन्हात वणवण फिरायचं, ह्याचा मला इतका संताप यायचा की त्या मोडक्या हापशाला मी एकदा चक्क लाथ घातली होती. अंगठा सुजला, हापसा जसाच्या तसा.

आत्याबाईंच्या पत्रात मी एक ओळ घातली, हापसा पुन्हा मोडला म्हणून. मामांचं उलट कार्ड आलं. 'हापसा नेमका कशात मोडतो ते नीट बघून कळवावे.'

आत्याबाई म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? लिही, मोडला म्हणून. मोडला म्हंजे मोडला."

मी हापशापाशी गेले. वाकून बघितलं. दांडा ज्या पिनीवर फिरतो, तिचं भोक झिजून लांबट झालं होतं. त्यामुळं दांडा डगडग हलायचा, खालचा गज वाकडा ओढला जायचा आणि शेवटी तुटायचा. मी सगळं लिहून टाकलं, शेजारी चित्रही काढलं. आणि खाली सही केली आत्याबाईंची. पहिलं खोटं ते.

मामांचं उत्तर काय यावं! 'तुझे बारीक लक्ष पाहून फार समाधान वाटले. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी समजले नाही.' आता हे आत्याबाईंना कसं वाचून दाखवणार? मी ती ओळ गिळली आणि म्हटलं, "समदे खुशाल हायेत म्हणलेत."

वर्कशॉप रिकामं होतं, मामांचे हात रिकामे होते. त्यांनी मनावर घेतलं, की न मोडणारा हापसा आपणच करायचा. भंगारातल्या लोखंडातून ते एकेक भाग घडवायला लागले आणि मला, म्हणजे आत्याबाईंना, कळवायला लागले; त्या नादात घरीही आले नाहीत. मी इकडून बोअरची खोली कळवायची, दिवसातून किती घागरी निघतात ते कळवायची. काय सांगू, घरात भाकरीला पीठ पुरत नव्हतं, पण त्या पत्राची वाट बघताना मी अशी हरखून जायची!

शेवटी गोष्ट चेअरमनसाहेबांपर्यंत गेली. ते म्हणाले, "करून बघा. तुमच्याच गावात बसवा. होळीला बसवा, आखितीला आमी संचालक मंडळ घेऊन बघायला येतो. चांगला निघाला तर कारखान्याच्या हद्दीतल्या गावांना वर्कशॉपातून हापसे करून देऊ. न्हाई निघाला तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई." कारखान्याचे मोठे इंजिनिअर शेजारी उभे होते. ते म्हणाले म्हणे, "फिटरनं फिटरकीच करावी." दोघांचं बोलणं मामांनी जसंच्या तसं पत्रात लिहून पाठवलं होतं. दुसरं वाक्य लिहिताना निबाचं टोक कागदातून आरपार गेलेलं दिसतं अजून.

होळीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ट्रकमधून निळा हापसा आला. उंच ओटा, त्यावर उंच खांब, आणि हा एवढा लांबलचक दांडा. मामांनी स्वतः हापसलं. गडगड पाणी आलं. मग गावातल्या बाप्यांनी एकेकानं हापसून बघितलं. "लोण्यावानी चालतोय," म्हणाले. नारळ फुटला. मी शाळेच्या भिंतीआडून बघत होते आणि छातीत मावत नव्हतं माझ्या. ती पिन, ते भोक, ते माझ्या चित्रातलं होतं! त्या गडबडीत आत्याबाईंशी धड बोलायलाही मामांना सवड मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी ते कारखान्यावर गेले.

आणि मग बाया पाण्याला आल्या.

दांडा वर गेला की त्याचं टोक आमच्या डोक्याच्याही वर. उडी मारून धरायचं आणि लोंबकळायचं. खाली दाबायचा तर सगळा जीव एकवटून. मामांनी तो आपल्या उंचीला आणि आपल्या दंडाला जमेल असा केला होता. करणार तरी काय? त्यांनी काय किंवा गावातल्या दुसऱ्या कुणी बाप्यानं काय, जन्मात कधी घागर भरली होती? शेजारच्या काकू, साठीच्या पुढच्या, हाडाची काडं झालेली बाई, दांड्याला धरून दोन्ही पाय अधांतरी! एका सात महिन्यांच्या गरवार बाईला तर तो दाबताच येईना. हापसा मोडत मात्र नव्हता. ते मामांचं काम चोख होतं.

चौथ्या दिवशी काकूंनी घरून वरवंटा आणला आणि दोरीनं दांड्याच्या टोकाला करकचून बांधला. आम्ही हसलो. मग काकूंनी एका हातानं दांडा दाबला, आणि तो सुळकन खाली आला. तराजूचंच गणित की हे. एका पारड्यात बोअरमधले गज आणि पाणी, दुसऱ्या पारड्यात वरवंटा. त्या दिवसापासून काकूंची चटणी आमच्या पाट्यावर वाटली जायला लागली आणि गावाचं पाणी त्यांच्या वरवंट्यावर निघायला लागलं.

मी लगेच लिहिलं. 'दांडा फार उंच आहे. खांब ठेंगणा करावा. दांडा हलका आहे, तो टोकाशी जड करावा म्हणजे हापसायला हलका जाईल.' सही आत्याबाईंची.

उत्तर आलं ते पेटलेलंच. 'दांडा जड केल्यास उचलणार कोण? बाईमाणसाला यंत्रातले समजत असते तर कारखान्यात फिटर कशाला ठेवले असते? तू चूल बघ.'

"काय म्हणतेत?" आत्याबाईंनी विचारलं.

"तब्येतीला जपा म्हणलेत."

"एवढंच? पान तर लई भरलंय."

"अक्षर मोठं काढलंय त्यांनी."

आता माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. आत्याबाईंची पाठ वळली आणि मी बसले लिहायला. 'चूल बघतेच आहे. पण चुलीला पाणी लागते, आणि ते भरायला तुम्ही येत नाही.' पत्र टपालपेटीत पडलं आणि मग मी पस्तावले. पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं.

आठ दिवसांत मामाच आले. एसटीतून उतरले ते पिशवीसकट थेट हापशापाशी. वरवंटा बघितला आणि पारावरच्या बाप्यांवर ओरडले, "ह्ये कुणी बांधलं बे? माझ्या यंत्राला धोंडा बांधलाय!" बाप्यांनी खांदे उडवले. मामा तणतणत घरी आले, ओसरीवर बसले. मी आत चुलीपाशी.

"काय गं," मामा आत्याबाईंना म्हणाले, "चुलीला पाणी लागतंय होय? लई धार आलीय तुझ्या लेखणीला."

"कसली लेखणी, अवो? म्या तर एवढंच सांगितलं, शेळी व्याली म्हणून कळीव."

"शेळी? शेळीचं न्हाई काई त्यात. मग ती पिन, ते गज, दांडा जड करा, ते समदं?"

"त्ये काय आसतंय?"

माझी भाकरी तव्यावर करपत होती आणि ती उलटायला हात उचलत नव्हता. मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवले, निजले. सकाळी उठून शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले आणि बाया पाणी भरतात ते दुपारपर्यंत बघत राहिले. बाया लाजायला लागल्या, तर काकू म्हणाल्या, "बसू द्या. बघू द्या एकदाचं." मग दुपारच्या गाडीनं मामा निघून गेले. माझ्या मालकांनी फक्त एवढंच विचारलं, "काय करून बसलीस गं तू?"

मला वाटलं होतं, आत्याबाई चार शिव्या घालतील. त्यांनी नाहीत घातल्या. संध्याकाळी शेळीला पाला टाकताना म्हणाल्या, "माझ्या शेळीला जागा न्हाई आन तुझ्या दांड्याला पान भरून?"

मी उरलेला पाला गोळा करायला लागले.

"शेळीचं सोड. त्येंना वाटलं, बायको आपल्याशी एवढं बोलतीय. लिवलं नव्हतं का त्येंनी तसं काई?"

मी ती गिळलेली ओळ सांगितली. समाधान वाटले, संसारात समजले नाही, ती. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. "तेवढं तरी मला वाचून दाखवायचं होतंस," म्हणाल्या. "खोटं का आसंना."

मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. हापशाचं जे लिहिलं त्याची नाही वाटत, एवढीशीही नाही. पण नवराबायकोच्या मधल्या दाराशी मला बसवलं होतं, आणि मी स्वतःच आत शिरून बसले होते. मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, "आत्याबाई, आता तुमी सांगाल तेच लिहीन. एक अक्षर इकडचं तिकडं करणार न्हाई."

"लिहून काय उपेग? पत्र तर येऊ दे त्येंचं."

पत्र आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली. हापशाचा दांडा तसाच उंच, तसाच वरवंटा लोंबतोय. चेअरमनसाहेब येणार, ते ध्यान बघणार, हसणार आणि विषय कायमचा बंद होणार. मामांची इज्जत जाईल ती जाईल, कारखाना हा हापसाही काढून नेईल आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा घागरी घेऊन मळ्याच्या वाटेला. आणि हे सगळं माझ्या आगाऊपणानं. मामांना मी नुसतं लिहिलं असतं, की सुनेचं म्हणणं असं असं हाय, तर चाललं नसतं का? पण कुठल्या सुनेनं तसं लिहिलं होतं तोवर!

मग एक दिवस पोस्टमन दारात आला आणि त्यानं मोठ्यानं नाव पुकारलं. माझं. सासरी आल्यापासून माझ्या नावाचं पत्र कधी आलं नव्हतं, आणि माहेरचं यायचं ते मालकांच्या नावानं. काकू भिंतीवरून डोकावल्या. आत्याबाईंनी ते निळं पाकीट घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्या हातात दिलं. "उघड. तुझ्या नावाचं हाय."

आत लिहिलं होतं, 'चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. खालील गोष्टी कळवाव्यात. वरवंट्याचे वजन. दांडा वर असताना आणि खाली असताना बायांचे हात कुठे येतात. गावातल्या बायांच्या कोपराची जमिनीपासून उंची, लहानमोठ्या सर्वांची. घाई आहे.' आणि शेवटी, 'शेळीस काय झाले तेही कळवावे. ते तुझ्या सासूच्या शब्दात लिहावे.'

मी ते मोठ्यानं वाचलं, शेवटच्या ओळीसकट. आत्याबाई हसल्या आणि रडल्या, एकदमच.

दुसऱ्या दिवशी मी एक सुतळी घेऊन हापशावर गेले. बाई उभी राहिली की जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरायची आणि तिथं गाठ मारायची. आधी कुणी तयार होईना. "माझं माप कशाला? सासऱ्याला पाठवतीस व्हय गं?" म्हणून हसून हसून बेजार. मग गरवार बाई पुढं आली, मग काकू, मग रांगच लागली. वरवंटा रेशनच्या दुकानात नेऊन काट्यावर चढवला. दुकानदार म्हणाला, "आता धोंडे पण रेशनवर आले काय?" गाठींची सुतळी गुंडाळून मी पाकिटात घातली. सोबत दोन पत्रं. एक माझं, मापांचं, खाली माझी सही. दुसरं आत्याबाईंचं, त्या बोलल्या तो शब्द जसाच्या तसा. शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, एक पांढरी, एक कबरी, आणि पांढरी वात्रट आहे, तुमच्यावर गेलीय. 'तुमच्यावर गेलीय' लिहिताना मी थबकले, तर म्हणाल्या, "लिही! म्या म्हणलंय न्हवं?"

आखितीच्या चार दिवस आधी मामा नवा खांब आणि नवा दांडा घेऊन आले. खांब ठेंगणा. दांडा आखूड, भरीव, टोकाशी जाडजूड. वरवंटा सोडून काकूंना परत दिला. माझ्याशी ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. तांब्या उंबऱ्यावर, बांगड्यांचा आवाज, सगळं पूर्वीसारखंच. पण जाता-येता आतल्या दाराकडं बघून घसा खाकरायचे. तेवढंही मला पुष्कळ होतं.

आखितीला जीप आल्या. चेअरमनसाहेब, संचालक, ते मोठे इंजिनिअर. सगळं गाव गोळा झालं. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला पदर घेतलेल्या आम्ही. एक धिप्पाड संचालक पुढं झाले आणि हापसायला लागले. चार वेळा हापसून त्यांनी कमरेवर हात ठेवला. "अहो, किती वाकायचं? कंबर मोडायची माणसाची."

दुसऱ्यानं करून बघितलं. "दांडा पण लई जड हाय. उचलून हात भरून आला."

इंजिनिअर हसले. "मी आधीच म्हणालो होतो. माप चुकलंय. उंचीचा अंदाजच नाही." चार माणसं हसली. चेअरमनसाहेबांनी मामांकडं बघितलं आणि हळूच मान हलवली. मला कळलं, संपलं. मापं माझी होती. मामांनी आपल्या डोळ्यांवर, आपल्या हातावर विश्वास न ठेवता माझ्या सुतळीवर ठेवला होता, आणि आता सगळ्या गावासमोर त्यांची फजिती होत होती.

मामांनी टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, "मापं माझी न्हाईत, साहेब."

"मग कुणाची?"

"माझ्या सूनबाईची. तिला इचारा."

सगळी डोकी आमच्याकडं वळली. बायांनी मला ढोसून पुढं केलं. मी पदर असा ओढला होता, की मला फक्त मामांच्या वहाणा दिसत होत्या. त्या वहाणा माझ्याकडं दोन पावलं आल्या.

"बोल पोरी," मामा म्हणाले. अडीच वर्षांत माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. "मला लिवलंस तसं बोल."

आधी आवाजच फुटेना. मग फुटला तो जरा जास्तच मोठा. "साहेब, तुमाला वाकावं लागतंय ते खरं हाय. पण तुमच्यापैकी इथं पाण्याला कोण येतंय?"

बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले.

"घरी पाणी कोण भरतंय तुमच्या? ह्या हापशावर जेवढ्या बाया येतेत, त्या समद्यांत उंच मी हाय. बाकीच्या माझ्या खांद्याला लागतेत. समद्यांच्या कोपराचं माप घेऊन केलाय हा दांडा. आन जड केलाय तो उचलायसाठी न्हाई. तो आपल्या वजनानं खाली जातो, आमाला नुसता हात लावायचा."

"म्हणजे काउंटरवेट," इंजिनिअर पुटपुटले.

"काय म्हणतेत ते मला माहीत न्हाई. आमी वरवंटा बांधत होतो."

चेअरमनसाहेब काही बोलणार, तेवढ्यात गर्दीतून काकू घुसल्या. त्यांचा नंबर केव्हाचा खोळंबला होता. "सरका रं जरा. तुमचं चालू द्या, मला पाणी भरू द्या," म्हणत त्यांनी त्या धिप्पाड संचालकांना कोपरानं बाजूला सारलं, घागर लावली, एका हातानं डोक्यावरचा पदर धरला आणि दुसऱ्या हातानं दांडा हलवायला लागल्या. वाकल्या नाहीत, लोंबकळल्या नाहीत. घागर काठोकाठ भरली. त्यांच्यामागं त्या गरवार बाईनं भरली. तिला तर आता नववा लागला होता. ती हापसताना मागच्या बाईशी गप्पा मारत होती.

चेअरमनसाहेब दोघींकडं बघत होते. ते मामांकडं वळले आणि म्हणाले, "फिटर, उद्यापास्नं दुसरं काम करू नका. हेच करा. आपल्या हद्दीतल्या एका गावाला पण सोडायचं न्हाई." इंजिनिअरांनी वाकून तो दांडा दोनदा हलवून बघितला आणि खिशातून वही काढली.

जीप गेल्या. बाप्ये मामांच्या पाठीवर थापा मारत होते. मी घागर उचलून निघाले, तर काकूंनी मला सगळ्यांदेखत अडवलं. "अगं ए, सासऱ्यापुढं, चार परक्या माणसांत तोंड उघडलंस? काई लाज?"

मामा हापशाचा नट आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तिला कावून बोलता, काकू, कशापायी? ते तोंड अडीच वरसं मीच बंद ठेवलतं. चूक माझी हाय."

मी तिथंच उभी राहिले. पुढं मला लेकरं झाली, शिकली, नोकरीला लागली, नातवंडं मोठी झाली. पण माझ्या सासऱ्यांनी भर गावात ही चूक कबूल केली, तेव्हा जो अभिमान वाटला, तसा पुन्हा कधी वाटला नाही. खोटं कावून सांगू?